अव्वाच्या कषायात चटणी

सकाळचे साडेसात ही आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोलायची वेळ नव्हे. नळाला पाणी आलेलं असतं, एका शेगडीवर दूध, दुसरीवर तवा, आणि ह्यांचा एक मोजा सापडलेला असून दुसऱ्याचा तपास माझ्यावर सोपवलेला असतो. मार्चातल्या त्या दिवशी भरीत भर म्हणून तेजस्वीचा दहावीचा भूमितीचा पेपर होता. पोरगी देव्हाऱ्यासमोर उभी राहून देवालाच प्रमेय समजावून सांगत होती. तेवढ्यात दारावर थाप पडली.

आमच्या गल्लीत दार वाजवून कुणी येत नाही. कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या मागची ही गल्ली. दारं उघडीच असतात आणि येणारा माणूस बोलत बोलत स्वयंपाकघरापर्यंत येतो. थाप पडली म्हणजे एक तर परका माणूस, नाहीतर काहीतरी बिनसलेलं.

बाहेर अव्वा उभी होती. खांद्याला ब्लाऊजपिसांची कापडी पिशवी नेहमीचीच, पण आत कापड नव्हतं. काचा वाजत होत्या.

"पूर्णिमा, माझी बरणी दे परत," ती म्हणाली.

"कसली बरणी?"

"कषायाची. गेल्या आठवड्यात दिलती न्हवं."

दिलेली वस्तू परत मागणं अव्वाच्या स्वभावात नाही. उसना नेलेला रवासुद्धा तिला आठवत नाही, आपल्यालाच आठवून द्यावा लागतो. मी काही बोलायच्या आत आतून आमच्या ह्यांचा आवाज आला, "अव्वा, बरणी न्यायची न्हाय हां. असला कषाय जन्मात प्यालो न्हाय. कानातनं वाफा गेल्या काल."

अव्वाचं तोंड एवढंसं झालं.

"कोपऱ्यावरच्या अमरसिंहालाबी आवडला," ती पुटपुटली. "सगळ्यांना आवडलाय. सहापासनं फिरतोय, तुझं घर सातवं. तिघांनी दिल्या, तिघं म्हणत्यात जीव देतो पण बरणी देत न्हाय."

(आमच्याकडे बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. मीही बोलायचे. कॉलेजात गेल्यावर सोडलं आणि अजून आईची बोलणी खाते.)

"अगं, पण झालंय काय?"

तिने माझ्या खांद्यावरून आत नजर टाकली, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "चटणी हाय त्यात."

तिला ओट्याजवळच्या स्टुलावर बसवलं. तेजस्वीला दही-साखर देऊन, पेपराआधी मैत्रिणीकडे उजळणीला म्हणून, ह्यांच्या मागे गाडीवर घातलं. दुसरा मोजा मिळाला नाही. हे दोन रंगांचे घालून गेले. मग गॅस बंद केला आणि तिच्यासमोर पाटावर बसले.

अव्वाचं नाव बसव्वा. माहेर नेसरीच्या बाजूचं, घरात कानडी आणि मराठी दोन्ही नांदणारं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन या गल्लीत आली. तिचे यजमान, प्रभुलिंगकाका, गुळाच्या बाजारात वजनकाट्यावर असत, ते जाऊन नऊ वर्षं झाली. अव्वा ब्लाऊज शिवते. टेप गळ्यात असते, पण माप ती डोळ्यांनी घेते. दारातून आत येणाऱ्या बाईकडे एकदा बघते आणि वहीत आकडा लिहिते; वर "जरा सुटलीस गं" हेही सांगते. दोन्ही बरोबर असतं. मी या घरात आले तेव्हा तिला 'तुम्ही' म्हणत असे. महिनाभर तिने ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, अव्वाला कोण तुम्ही म्हणतं?

डोळे असे, तर नाक त्याहून वरचढ. कृष्णात दूधवाल्याच्या दुधाचं भांडं नाकाजवळ नेलं की कुठल्या म्हशीनं काल काय खाल्लं ते सांगायची, आणि कृष्णात गोठ्यात जाऊन बघून यायचा. एकदा माझ्याकडे बसल्या बसल्या म्हणाली, "तुझ्या कपाटात खाली एक रेशमी लुगडं हाय, उन्हात घाल त्येला." होतं.

आणि या नाकावरच तिचा कषाय चालायचा. कषाय म्हणजे काढाच, पण सीमेकडच्या पद्धतीचा: धने, जिरे, बडीशेप, मिरे, सुंठ भाजून त्याची पूड करायची, ती पाण्यात उकळायची, मग दूध आणि गूळ. तिच्या माहेरी पहाटे चहाऐवजी हेच असायचं. गल्लीत त्याची रीत पडली तीही तिच्यामुळेच. दसरा झाला की प्रत्येक घरातून पसाभर एक जिन्नस अव्वाकडे जातो. कुणी काय द्यायचं ते ठरलेलं, आणि ते सासूकडून सुनेकडे येतं. आमच्या घराकडे धने आहेत. का, ते माझ्या सासूबाईंनाही माहीत नव्हतं. अव्वा एकेक जिन्नस वेगळा भाजते, डंकावर, म्हणजे कांडपयंत्रावर, कुटून आणते आणि लोणच्याच्या धुतलेल्या बरण्यांतून घरोघरी देते. देताना दरवर्षी तेच बोलते, जणू पहिल्यांदाच सांगतेय: "औषध न्हाय हे. घशाला ऊब हाय. दिवसाला दोन कप. तिसरा मागितला तर चहा देतो. तीन दिवसांत ताप उतरला न्हाय की डॉक्टर, आणि दम लागला तर तीन दिवसबी थांबायचं न्हाय."

कोरोनाच्या साली लोक गुळवेल, कडुनिंब, लवंगा, दिसेल ते उकळून पीत होते आणि पोटात आग पडली की तिच्याच दारात येत होते. ती ताक द्यायची आणि शिव्या द्यायची.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटी फ्लूची साथ आली. घराघरांत खोकला. डॉक्टरांच्या दवाखान्यात चपला ठेवायला जागा नाही. दसऱ्याच्या बरण्या आठवडाभरात खडखडीत झाल्या, म्हणून गल्लीने पुन्हा पसे गोळा करून अव्वाला दिले. आणि गल्लीत सगळ्यांत आधी ताप आला होता तो अव्वालाच.

"ताप गेला," ती आता मला सांगत होती, "पण जाताना नाक घेऊन गेला. सतरा दिवस झाले. दारात उदबत्ती लावली काय आणि न्हाय काय."

"मग सांगितलं नाहीस ते?"

"काय सांगू? दात पडला तर दिसतो तरी. नाक गेलं म्हणून कुणाला दाखवू? लोक पसे घेऊन दारात आलते."

भाजणी तिने रंगावरून केली. ती बरी झाली असावी. घोळ झाला तो डंकावर. दसऱ्याला डंक मोकळा असतो. मार्चात तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत वर्षाची चटणी, म्हणजे आमचं मसाला घातलेलं लाल तिखट, कुटत असतो, आणि त्या बोळातून जाणारा माणूस चार शिंका दिल्याशिवाय पलीकडे निघत नाही. अव्वाचा नियम असा, की चटणीनंतर कषाय कुटायचा तर आधी पसाभर तांदूळ कुटून उखळ धुवून काढायचं आणि मग हुंगून बघायचं. त्या दिवशी तिच्यामागे मिरच्यांची पोती घेऊन पंधरा बायका. डंकवाला पिराजी म्हणाला, "अव्वा, फडक्यानं पुसलंय चांगलं. तूच हुंग आणि सांग, तांदूळ घालू का नको."

"मग?"

"मग काय. वाकलो, हुंगलो आणि मान हलवली." ती पिशवीच्या बंदाशी खेळत राहिली. "पिराजीचा दोष न्हाय. त्यानं इचारलं की. मान मी हलवली."

त्यानंतर दोन दिवस तिनेही तोच कषाय घेतला, पण घसा इतका सोललेला की साधं पाणीही झोंबत होतं. मग लग्नसराईच्या ब्लाऊजांत घ्यायचा राहूनच गेला. काल संध्याकाळी पुन्हा केला आणि दुसऱ्या घोटाला थांबली. मिऱ्याचं तिखट घशात लागतं, म्हणाली, आणि मिरचीचं जिभेवर. चिमूटभर पूड पांढऱ्या अस्तराच्या ओल्या तुकड्यावर टाकली. तुकडा तांबडा झाला.

मला आता बोलणं भाग होतं. "अव्वा, पूड जरा तांबूस आहे हे मला दिसलं होतं. म्हटलं सुंठ वेगळी असेल."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने नाही. माप घेताना बघते तसं.

"बरं, पण एवढं मनाला काय लावून घ्यायचं?" मी म्हटलं. "कोल्हापुरात चटणीनं कुणाचं काय वाईट झालंय?"

"कृष्णातचं होतंय," ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं ती सहा वाजल्यापासून का फिरत होती. कृष्णातला ताप येऊन पाच दिवस झाले होते. त्याची आई, बनाबाई, पहाटेच नळावर अव्वाला भेटली आणि रडायची राहिली होती. पोरगा दवाखान्यात जायला तयार नाही. कषाय पितो, घाम येतो, तासभर अंग गार लागतं, की म्हणतो उतरला ताप. संध्याकाळी पुन्हा चढतो, की पुन्हा पितो.

"चटणीचा घाम हाय त्यो," अव्वा म्हणाली. "आणि त्याला वाटतंय औषध. त्याची बरणी आणायची हाय आणि त्याला डॉक्टरकडं घालायचा हाय. तू चल. मी एकटी बोललो तर हसण्यावारी नेतो."

मी पदर खोचला आणि निघाले.

कृष्णात चाळिशीच्या आतला. पूर्वी तालमीत होता. आता चार म्हशी आहेत आणि संध्याकाळी कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून देतो. मार्चच्या उकाड्यात तो खोलीत घोंगडं पांघरून बाजेवर बसला होता. एका हातात स्टीलचा ग्लास, उशाला बरणी. कपाळावर घाम निथळत होता.

"या वैनी. अव्वा, ये." श्वास घेतला. "बसा की."

एवढ्याला दोन श्वास. मी मोजायला लागले.

"कसं हाय?" अव्वाने विचारलं.

"एक नंबर. घाम बघ नुसता. आतला ताप... भाईर पडतोय. चार ग्लास घेतोय दिवसाला."

"दोन कप सांगितलते मी."

"कप तुमच्यासारख्यांना. आपण तालमीतला माणूस."

बनाबाई उंबऱ्यातच उभी होती. "व्हय, तालमीतला. आणि दिवे लागले की अंग तव्यावानी. झोपल्यावर छातीत मांजर गुरगुरतंय ह्याच्या."

"म्हातारे, गप की."

"दवाखान्यात चल," अव्वा म्हणाली.

"तुझं औषध असताना?"

"औषध न्हाय म्हणून चाळीस वर्सं सांगतोय मी."

"ते तू लाजून म्हणतीस."

कृष्णातचं हे अडून बसणं नुसतं आडमुठेपणाचं नव्हतं, हे तिथे आम्हा तिघींनाही माहीत होतं. कोरोनाच्या साली त्याच्या वडिलांना गाडीतून नेलं. कृष्णात गाडीमागे दवाखान्याच्या फाटकापर्यंत पळत गेला, तिथे त्याला थांबवलं, आणि वडील परत आले नाहीत. त्यानंतर तो गुरांच्या डॉक्टरला बोलावतो, माणसांच्या डॉक्टरचं नाव काढत नाही.

अव्वाने पिशवीतून दुसरी बरणी काढली. घरात उरलेल्या जुन्या कषायाची, तळाला चार चमचे असलेली. "बरं, न्हाय तर न्हाय. ती बरणी जुनी झालीय, ही घे."

कृष्णातने उशाची बरणी उचलून पोटाशी धरली, लहान पोरानं बाहुली धरावी तशी. "अव्वा, राग मानू नको. पण आजवर तू जे दिलंस ना... तो पावसाळी चहा हुता. कषाय म्हणजे... ह्यो. हात लावून देणार न्हाय."

माझी नजर अव्वाकडे गेली. चाळीस वर्षांच्या भाजणीला त्याने पावसाळी चहा म्हटलं होतं आणि तिच्या एका चुकीला कषाय. दुसरी कुणी असती तर तिथेच भांडली असती. अव्वाने बरणी परत पिशवीत ठेवली, बाजेच्या कडेला बसली आणि गल्लीत पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चटणी हाय त्यात, कृष्णात."

तो हसला. हसता हसता खोकला. "मला घालवायला... खोटं बोलतीस."

"कुणाची चटणी?" खिडकीतून आवाज आला. समोरच्या घरातली बायडाबाई. चटणी हा शब्द ऐकला की ती हातातलं काम टाकून येते.

अव्वा उंबऱ्याकडे वळली. "बनाबाई, भाकरी हाय?"

"सकाळचीच हाय, गरम."

भाकरीचा चतकोर आला. अव्वाने कृष्णातच्या कुशीतून बरणी काढून घेतली. त्याने दिली, कारण आता त्यालाही उत्सुकता लागली होती. भाकरीवर अंगठ्याने खळगा केला, दोन चमचे कोरडी पूड घातली, वर कच्चं तेल सोडलं. "दुधात बुडवून गुळात लपवल्यावर कुणाला काय कळणार? आता खा."

कृष्णातने घास मोडला. चावला. थांबला. पुन्हा चावला, सावकाश, डोळे आढ्याकडे लावून. खोलीत आम्ही सगळ्याजणी त्याच्या जबड्याकडे बघत होतो.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला. मग दुसरा घास घेतला. "खोबरं करपलंय." आणि खिडकीकडे वळून म्हणाला, "बायडाकाकू, ही तुमची हाय."

"करपलेलं न्हाय, खमंग म्हणत्यात त्येला," बायडाबाई म्हणाली आणि दारातून आत आली. तिने बरणीतली चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले. "माझीच हाय की. धने-जिरे जास्त पडलेत कुणाच्या हातनं. गेल्याच्या गेल्या सोमवारी कुटून आणली. माझ्यामागं कोण हुतं डंकावर?"

"मी," अव्वा म्हणाली.

म्हणूनच इतके दिवस कुणाला पत्ता लागला नव्हता. कषायात पडतं ते सगळं चटणीच्या मसाल्यातही पडतंच; मिरची तेवढी अधिकची, आणि ती दुधाआड बसली होती.

मग कृष्णातने जे विचारलं ते विचारल्याशिवाय राहता येण्यासारखं नव्हतंच. "आणि अव्वा, तुला वास आला न्हाय?"

बायडाबाई होती, बनाबाई होती, खिडकीत आणखी दोघी येऊन थांबल्या होत्या. अव्वाने कुणाकडे बघितलं नाही.

"न्हाय आला. नाक गेलंय माझं. तापात गेलं, अजून आलं न्हाय. पिराजी म्हणाला हुंग, मी हुंगल्यासारखं केलं. लाज वाटली सांगायची. आणि तुला मी औषध म्हणून दिलं न्हाय, पण चूक दिली हे खरं."

कृष्णात हातातल्या ग्लासकडे बघत राहिला. "म्हणजे पाच दिवस मी... बायडाकाकूची चटणी... दुधात पितोय."

सगळ्यांत आधी हसली बनाबाई. पाच दिवसांत पहिल्यांदा. पदर तोंडाला लावला तरी खांदे हलत होते. मग खिडकीतल्या दोघी, मग मी, आणि मग कृष्णात. पण त्याचं हसू खोकल्यात गेलं आणि खोकला थांबेना. एका हाताने त्याने बाजेची कड धरली. गळ्याखालची खळी आत ओढली जात होती. आमचं हसणं आपोआप बंद झालं.

खोकला थांबल्यावर अव्वाने त्याच्या हातातून ग्लास काढून घेतला. "चटणीनं घाम येतो. ताप जात न्हाय. ऊठ."

"माझा बाप..." तो म्हणाला.

"ठाव हाय. तवा आम्हाला कुणालाच आत सोडलं न्हाय. आज मी संगं येतो, आणि तू भाईर येईस्तवर बाकावरनं हलत न्हाय. ऊठ."

तो उठला. घोंगडं खाली पडलं तेव्हा दिसलं, पाच दिवसांत शर्ट किती सैल झाला होता.

रिक्षात मी, अव्वा आणि मध्ये कृष्णात. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "पावणं, तालमीतलं दिसताय." कृष्णातने मान हलवली. बोलायला श्वास नव्हता.

डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावला, छाती ऐकली, फोटो काढायला लावला. उजव्या फुप्फुसात खाली डाग होता. न्यूमोनिया सुरू झालेला. "भरती करून घेतो, तीन-चार दिवस. आलात ते बरं झालं," ते म्हणाले. "अजून दोन दिवस घरी काढले असते तर माझं बोलणं वेगळं झालं असतं." मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरी काय घेत होतात?"

"चटणी," कृष्णात म्हणाला.

डॉक्टरांनी पेन थांबवलं. अव्वाने सगळं सांगितलं, तांदूळ न कुटल्यापासून. ते ऐकून घेत होते. हसू मिशीत ठेवलं होतं. "पोटाला त्रास?"

"सवय हाय," कृष्णात म्हणाला.

अव्वाने तिथेच स्वतःचंही विचारून घेतलं. गरम कषायाने घशाला बरं वाटतं, घ्यायला हरकत नाही, दोन कपांचा तुमचा नियम चांगला आहे, असं डॉक्टर म्हणाले; पण ताप हाताने बघू नका, थर्मामीटर ठेवा, आणि तुमच्या वयाला फ्लूची लस दरवर्षी घेतलेली बरी. "मग ती आधी का न्हाय सांगितली कुणी," अव्वा म्हणाली, आणि कधी यायचं ते टेपच्या कागदी खोक्यावर लिहून घेतलं. नाकाबद्दल ते म्हणाले, बहुतेकांचं हळूहळू येतं. काहींना आठवडे लागतात, काहींना महिने.

ती खरंच बाकावरून हलली नाही. जेवण मी नेऊन दिलं. तिथे बसून तिने दोन ब्लाऊजांना हुक लावले.

कृष्णात चौथ्या दिवशी घरी आला. आल्या आल्या म्हशींना नावाने हाका मारल्या. एका श्वासात चारही नावं झाली. मी मोजलं. गल्लीत तोवर बायडाबाईने बरंच काम उरकलं होतं. तिच्या म्हणण्याप्रमाणे फ्लूच्या साथीत गल्ली तिच्या चटणीवर तरली, आणि पुढच्या वर्षी तिच्याकडून जिरे घेण्याऐवजी थेट चटणीच घ्यावी. पिराजीने डंकावर पाटी लावली, 'कषाय आधी, चटणी नंतर'. ज्या तिघांनी बरण्या दिल्या नव्हत्या त्यांनी शेवटपर्यंत दिल्या नाहीत. आमच्या ह्यांनीसुद्धा. ते ती पूड पोह्यांवर घालून खातात आणि वर लिंबू पिळतात.

अव्वा मात्र या थट्टेत नव्हती. कृष्णात घरी आला त्याच दुपारी ती गल्लीतल्या अकराच्या अकरा घरांत पुन्हा गेली आणि प्रत्येक दारात तेच सांगितलं: नाक गेलंय माझं, कषायात चटणी पडली, ती बरणी औषध समजून पिऊ नका. कुणी हसलं, कुणी "असू दे गं" म्हणालं. एकीने तर विचारलं की असाच परत करून मिळेल का. अव्वा तिला म्हणाली, "त्याला मी कशाला? पिराजीकडं जा."

मला वाटत होतं की झालं आता, अव्वा पुन्हा भाजणीला बसत नाही. तिच्या दारावरून जाताना शिलाई मशीन ऐकू यायचं, पण ती कुणाला आत ये म्हणत नव्हती. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा तिने माझं माप घेतलं आणि पुन्हा मशीनवर वाकली. मी विचारलं नाही. काही माणसांना विचारलं की ती दार लावून घेतात. थांबलं की आपणहून येतात.

शनिवारी बनाबाई पसाभर सुंठ घेऊन अव्वाच्या दारात गेली. साथ अजून संपलेली नव्हती, आणि पोराला घसा शेकायला कषाय पाहिजे होता, चटणी नको. तिच्यामागून बडीशेप गेली, जिरे गेले. बायडाबाईने जिऱ्यांबरोबर एक वाटी चटणी झाकून नेली. "ही वेगळी ठेव," म्हणाली. मी धने नेले. अव्वाने सगळे पसे ओळीने ताटांत मांडून ठेवले होते आणि त्यांच्यापुढे बसली होती. धने हातात घेतले, सवयीने नाकापर्यंत नेले आणि मध्येच थांबून खाली ठेवले.

"नाक परत येणार म्हणालेत डॉक्टर," मी म्हटलं.

"येईल की. पण ताप त्यासाठी थांबत न्हाय." तिने धन्यांत बोटं फिरवून दोन काड्या वेचून टाकल्या. मग वर बघितलं.

"पूर्णिमा, उद्या सकाळी मी भाजायला बसतोय. तू शेजारी बस, आणि वास सुटला की मला सांग."